लाइट नवा घेतला, तरी व्हिडिओतले पट्टे आणि रंगाचा घोळ का जात नाही?

“रिंग लाइट घेतला तरी व्हिडिओत काळे पट्टे सरकतातच.” “सॉफ्टबॉक्स लावल्यापासून सोनं पितळ दिसतंय.” “परवा झकास आलं होतं. आज तोच लाइट, तीच जागा, आणि पांढरा रस्सा हिरवट!” घरातल्या घरात फोटो-व्हिडिओ करणाऱ्या कोल्हापूरकरांकडून ही वाक्यं इतक्या वेळा ऐकली आहेत की त्यांच्यामागून येणारा प्रश्नही पाठ झालाय: “आता कुठला मोठा लाइट घेऊ, भावा?”

बहुतेक वेळा कुठलाच नको. गुजरीतल्या सराफी दुकानासाठी ठुशीचे रील करणारा पोरगा असो, राजारामपुरीतल्या स्वयंपाकघरातून तांबडा-पांढरा दाखवणाऱ्या वहिनी असोत, नाहीतर चप्पल लाइनीतला माल ऑनलाइन विकणारा गडी असो, यांच्याकडे उजेड कमी नसतो. एकाच खोलीत तीन जातींचे उजेड एकमेकांत मिसळलेले असतात. त्यात पैसे टाकून चौथा आणला की घोळ वाढतो. म्हणून खरेदीचं शेवटी बोलू, आधी दोष शोधू.

आधी सगळं बंद करा

रात्री करा, म्हणजे खिडकीचा प्रश्न मिटला. घरातले सगळे दिवे बंद. सगळे म्हणजे देवघरातली रंगीत माळ, टीव्ही आणि शेजारच्या खोलीतली ट्यूबसुद्धा. फक्त शूटिंगचा लाइट चालू ठेवा. समोरच्या भिंतीवर पांढरा कागद चिकटवा आणि अर्धा मिनिट व्हिडिओ घ्या. मग एकेक दिवा लावत जा आणि प्रत्येक वेळी पुन्हा अर्धा मिनिट. ज्या बटणानंतर पट्टा दिसतो किंवा रंग फिरतो, गुन्हेगार तिथे आहे.

यात एक अट आहे. फोन ऑटोवर ठेवून ही तपासणी केली तर हाती काहीच लागत नाही, कारण दिवा बदलला की फोन स्वतःच उजेड आणि रंग सावरून घेतो. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर (उजेडाचं माप) लॉक होतं. प्रो मोड (सगळे आकडे हाताने लावायचा पर्याय) असेल तर व्हाइट बॅलन्सही, म्हणजे पांढरं कशाला धरायचं ते, एका आकड्यावर बांधून टाका.

पट्टे कसे आहेत ते नीट बघा

लोक सरसकट “फ्लिकर येतोय” म्हणतात, पण पट्ट्यांच्या जाती वेगळ्या आणि इलाजही वेगळे. क्लिप थांबवून बघा.

दोन-तीन रुंद, धुरकट पट्टे हळूहळू वर-खाली सरकत असतील तर ते घरच्या विजेचे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. स्वस्त बल्ब त्या तालावर, प्रत्येक आवर्तनात दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला कळत नाही, पण फोनचा सेन्सर चित्र एका दमात न घेता ओळीओळीने वाचतो. काही ओळी बल्ब तेज असताना वाचल्या जातात, काही मंद असताना, आणि पट्टा उमटतो. इलाज फुकट आहे: शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी सेन्सर उजेड घेतो तो वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर बांधा. मग प्रत्येक ओळीला दिव्याची पूर्ण आवर्तनं मिळतात आणि पट्टा मिटतो. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा असो वा ३० चा, १/१०० दोन्हीकडे चालतं. इंटरनेटवरचे बरेच सल्ले अमेरिकेतले असतात. तिथली वीज ६० हर्ट्झची, म्हणून ते १/६० सांगतात. आपल्याकडे १/६० लावलं की पट्टे हजर.

आयफोनवाल्यांनी सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात रेकॉर्ड व्हिडिओ, आणि तिथे ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू करावं, म्हणजे २५ फ्रेमचा पर्याय दिसतो. वेबकॅम वापरून शिकवणी घेणाऱ्यांनी त्याच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडावं. तिथे ६० पडलेलं असणं ही फार नेहमीची गोष्ट.

आता यातली गंमत. मोठा लाइट आणल्यावर पट्टे वाढल्याची तक्रार करणारे खोटं बोलत नसतात. फोनला कॅमेऱ्यासारखं छिद्र लहान-मोठं करता येत नाही (अगदी मोजके फोन सोडले तर). उजेड वाढला की ऑटोवरचा फोन शटर पळवतो: १/२५०, १/५००. शटर जितकं वेगवान, तितकी बल्बची मंद-तेज जास्त पकडली जाते. म्हणजे मंद उजेडात झाकला गेलेला दोष भरपूर उजेडात उघडा पडला. अशा वेळी आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, सगळ्यात खाली आणा, शटर १/१०० वर ठेवा आणि तरीही चित्र पांढरंफटक पडत असेल तर लाइट मागे सरकवा. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, त्यामुळे हातभर सरकवल्यानेही फरक पडतो. कॅमेरा असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लावता येतो.

दुसरी जात म्हणजे बारीक, दाट, कंगव्याच्या दातांसारखे पट्टे. हे विजेचे नव्हेत, डिमरचे. स्वस्त एलईडी पॅनेल आणि रिंग लाइट उजेड कमी करताना खरोखर मंद होत नाहीत. ते प्रचंड वेगाने चालू-बंद होतात आणि बंद राहण्याचा वेळ वाढवतात. लाइट पूर्ण तेजावर न्या. पट्टे गेले तर दोष डिमरचाच. मग डिमरला हातच लावायचा नाही. उजेड जास्त होत असेल तर लाइट लांब न्या किंवा पुढे पांढरं कापड टाका.

फोन न वापरताही ही परीक्षा होते. अंधाऱ्या खोलीत फक्त तो दिवा लावा, त्याच्यापुढे पेन्सिल धरून जोरात डावी-उजवीकडे हलवा. चांगल्या दिव्याखाली पेन्सिलचा सलग धूसर पंखा दिसतो. लुकलुकणाऱ्या दिव्याखाली पाच-सहा सुट्ट्या पेन्सिली दिसतात.

तिसऱ्या जातीत पट्टा नसतोच. अख्खं चित्र श्वास घेतल्यासारखं मंद-तेज होतं. इथे कारणं घरगुती निघतात. छतावरचा दिवा पंख्याच्या वर असेल तर पात्यांची सावली फिरते, आणि ती पकडायला लोक रात्र घालवतात. वर बघत कोणी नाही. पांढरी ताटली फ्रेममध्ये आली की ऑटो एक्स्पोजर दचकतं, तेही असंच दिसतं. उद्यमनगरच्या आसपास राहणाऱ्यांसाठी आणखी एक: त्याच लाइनीवर वेल्डिंग चालू असेल तर दाब खाली-वर होतो आणि हलक्या प्रतीचा बल्ब ते जसंच्या तसं दाखवतो. संध्याकाळी कारखाने बंद झाल्यावर क्लिप घेऊन बघा, खात्री पटेल. आणि यूएसबीवरचा रिंग लाइट लॅपटॉपला जोडला असेल तर तो उपाशीच आहे. १० वॅटच्या लाइटला ५ व्होल्टवर २ अँपिअर लागतात. लॅपटॉपचा जुना पोर्ट अर्धा अँपिअर देतो. मोबाइलचा धड चार्जर लावा.

स्लो मोशनबद्दल मात्र आशा सोडा. ठुशी हातातून सोडून मणी हळूहळू ओघळताना दाखवायचे म्हणून १२० किंवा २४० फ्रेम लावले, की शटर १/१०० वर ठेवताच येत नाही. प्रत्येक फ्रेमलाच तेवढा वेळ नसतो. साध्या बल्बखाली पट्टे येणारच. खिडकीचा उजेड घ्या, नाहीतर मुळात न लुकलुकणारा दिवा घ्या.

फोटोवाल्यांचा एक वेगळा पट्टा या गर्दीत घुसतो: फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत खालचा किंवा वरचा भाग काळा. त्याचा विजेशी संबंध नाही. शटर कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सगळ्यात वेगवान शटरच्या, पुढे गेलंय. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/२०० ते १/२५० च्या आसपास असते. १/१६० वर या, विषय संपला.

रस्सा हिरवा, सोनं पितळ

राजारामपुरीतल्या त्या वहिनींच्या ओट्यावर काय काय होतं बघा. वर पिवळा बल्ब, म्हणजे साधारण २७०० ते ३००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप: आकडा कमी तर पिवळा, जास्त तर निळा). बाजूला ‘कूल डेलाइट’ ट्यूब, ६५०० च्या घरातली. समोर नवा सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडाआडून मऊ उजेड देणारा), ५५०० चा. आणि डावीकडे खिडकी, जिचा रंग ढगांवर अवलंबून. पांढऱ्या रश्श्याच्या वाटीचा एक काठ पिवळा, दुसरा निळा, मधे हिरवट. यावर कुठलाही फिल्टर चालत नाही, कारण पिवळेपणा काढायला गेलं की निळी बाजू आणखी निळी होते. एडिटिंगमध्ये तासन्‌तास घालवण्यापेक्षा वरचा बल्ब आणि ट्यूब बंद करणं सोपं. ओट्यावर उजेड लागतोच असेल तर तिथला बल्ब काढून शूटिंगच्या लाइटशी जुळणारा बल्ब लावा.

पांढरा रस्सा या कामाला उत्तम परीक्षक आहे खरं तर. नारळाच्या दुधाचा तो मऊ पांढरा रंग चुकीच्या उजेडात लगेच चहाडी करतो. पण व्हाइट बॅलन्स लावायला रस्सा किंवा वहीचा कागद वापरू नका. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं असतात आणि त्यांनी तो निळसर झुकतो. करड्या रंगाचं ग्रे कार्ड स्वस्तात मिळतं, ते ताटाशेजारी धरून एकदा मोजा आणि आकडा बांधून टाका.

तांबड्याचं दुखणं निराळं. पांढरा नीट आला तरी तांबडा रस्सा तपकिरी, मेलेला दिसतो. वहिनी म्हणतात तिखट बदललं पाहिजे. तिखटाचा दोष नाही, दिव्यात लालच कमी आहे. दिवा रंग किती खरे दाखवतो याचा आकडा म्हणजे सीआरआय. घरगुती एलईडीचा तो ८० च्या आसपास असतो, शूटिंगच्या चांगल्या दिव्याचा ९५ किंवा वर. त्यातही खोच अशी की हा सरासरी आकडा आठ फिकट रंगांवर काढतात आणि गडद लाल त्यात धरतच नाहीत. लालचा आकडा वेगळा असतो, आर९ नावाने. खोक्यावर सीआरआय ८० आणि आर९ चा उल्लेखच नाही, असा दिवा तांबड्या रश्श्याला, कुंकवाला, ठुशीतल्या लाल खड्याला आणि माणसाच्या कातडीला न्याय देत नाही. खरेदीत जिथे पैसे टाकायचे ती जागा ही. वॅट नव्हे.

भिंतींकडेही बघा. जुन्या घरांतला पोपटी किंवा गुलाबी ऑइल पेंट उजेडाला आपला रंग लावूनच परत पाठवतो. चेहऱ्याच्या सावलीकडच्या बाजूला हिरवट झाक असेल तर दिवा बदलू नका. त्या बाजूला पांढरी चादर किंवा थर्माकोल उभा करा.

आणि “परवा आलं, आज नाही” याचं उत्तर बहुधा खिडकीत असतं. पावसाळ्यात आपल्याकडे दर पाच मिनिटांनी आभाळ बदलतं, हे सांगायला नको. उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही म्हणून ती चांगली, असं सगळे सांगतात. कोल्हापुरासाठी ते अर्धंच खरं आहे. मेच्या पहिल्या आठवड्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला कललेला असतो, आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही तिरीप येते. रोजच्या रोज सारखं दिसायला हवं असेल तर खिडकीला जाड पडदा लावून पूर्ण दिव्यावर काम करा. नाहीतर फक्त खिडकीवर करा आणि दिवे बंद ठेवा.

दागिन्यात दिसणारी गोल बांगडी

गुजरीतली सगळ्यात जास्त तक्रार ही. ठुशीच्या प्रत्येक मण्यात रिंग लाइटचं एकेक पांढरं वर्तुळ, आणि त्याच्या मधोमध फोन धरलेला काळा हात. मणी गोल असल्याने तो खोलीतलं जवळपास सगळं दाखवतो, त्यामुळे लाइट कुठेही सरकवला तरी तो मण्यात कुठेतरी दिसणारच. म्हणून लपवाछपवी सोडा आणि मण्याला सुंदर काहीतरी दाखवा.

दागिन्याभोवती बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपरचा घुमट करा. तारेचा सांगाडा, वर कागद, समोर लेन्सपुरतं भोक. लाइट बाहेरून, एका बाजूने आणि थोडा मागून मारा. आता मण्याला दिवा दिसत नाही, उजळलेला अख्खा कागद दिसतो. वर्तुळाच्या जागी मऊ, लांबट चमक येते. पण एवढ्यावर थांबलात तर सोनं सपाट आणि फिकं वाटेल, कारण सगळीकडून पांढरंच. म्हणून घुमटाच्या आत, फ्रेमबाहेर, काळ्या कार्डशीटची बोटभर रुंद पट्टी उभी करा आणि ती सरकवत स्क्रीनवर बघत राहा. एका जागी कोल्हापुरी साजाच्या पानांच्या कडा एकदम सुटून उठतात. तिथे पट्टी चिकटवा. हुपरीच्या चांदीला तर ही काळी पट्टी लागतेच, कारण तिच्या आरशासारख्या पृष्ठाला नुसतं पांढरं दाखवलं तर दागिना पार्श्वभूमीत विरघळून जातो.

चष्मेवाल्यांचंही तत्त्व तेच. रिंग लाइट तोंडासमोरून काढून वर आणि बाजूला न्या, चकाकी काचेतून निघून जाते. चपलांना मात्र उलटं पाहिजे: वेणी आणि कातड्याचा पोत दाखवायला लाइट बाजूने, अगदी खालून, जमिनीला घासत.

ज्यांना थर्माकोल-बटर पेपरची लाज वाटते त्यांच्यासाठी: चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेराच याच गावात स्वतः बनवला होता.

आता घ्यायचंच असेल तर

दोन मध्यम लाइट घेण्यापेक्षा एक चांगला घ्या आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोल लावा. मुख्य लाइटचा परतलेला उजेड सावली भरून काढतो, आणि रंग जुळवायची कटकटच नाही, कारण उगम एकच.

स्वस्तातला रस्ता म्हणजे ५० गुणिले ७० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स आणि त्यात एलईडी बल्ब. यात एक खड्डा आहे. या सॉफ्टबॉक्समध्ये बहुतेक वेळा आट्यांचा, म्हणजे बल्ब फिरवून बसवायचा होल्डर असतो, ई२७. आपल्या घरातले बल्ब दोन पिनांचे, बी२२. घरी आणल्यावर बल्ब बसत नाही आणि मग दुकानात दुसरी फेरी. ई२७ चाच चांगल्या सीआरआयचा बल्ब शोधा. कन्व्हर्टर मिळतो, पण जड बल्ब त्यात डुगडुगतो. सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून किती लांब? त्याच्या कर्णाइतका, म्हणजे या मापाला ८५ सेंटिमीटरच्या आसपास. लोक तो खोलीच्या पार कोपऱ्यात लावतात आणि मग उजेड कडक पडतो म्हणतात.

थोडे जास्त पैसे असतील तर ६० वॅटच्या वर्गातला सीओबी लाइट (एकाच मोठ्या एलईडी चिपचा), बोवेन्स माउंटचा, म्हणजे पुढे सामान अडकवायच्या प्रचलित खाचेचा. त्या माउंटला सॉफ्टबॉक्स, छत्र्या सगळं सहज आणि स्वस्त मिळतं, आणि उद्या लाइट बदलला तरी सामान तेच राहतं. आत पंखा असतो. तुम्ही बोलून व्हिडिओ करत असाल तर शांत खोलीत तो ऐकून घ्या. वीज जाण्याची धास्ती असेल तर एनपी-एफ (व्हिडिओ कॅमेऱ्याच्या जातीच्या) बॅटरीवर चालणारं छोटं पॅनेल जवळ असावं. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर स्वस्त दिवे कुरकुरतात आणि तो आवाज माइकमध्ये येतो.

“१३५ वॅट”, “२०० वॅट” असल्या आकड्यांना भुलू नका. पुष्कळदा ती तुलना असते, खरा वापर नव्हे. एक मीटरवर किती लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप), हा आकडा विचारा. रंगीत आरजीबी पहिल्या खरेदीत नको. स्टँडचे पाय पूर्ण पसरून खाली पाच किलो तांदळाची पिशवी अडकवा. पावसाळ्यात सॉफ्टबॉक्सचं कापड दुमडून कपाटात कोंबलंत तर बुरशी धरतं आणि मग उजेड पिवळा येतो.

दुकानात पैसे देण्याआधी लाइट लावायला सांगा. फोन प्रो मोडवर, शटर १/१०००. फोन लाइटच्या इतका जवळ न्या की फ्रेममध्ये फक्त तोच असेल, नाहीतर दुकानातल्या ट्यूबचे पट्टे याच्या नावावर जातील. एकदा पूर्ण तेजावर बघा, एकदा डिमर अगदी खाली आणून. मग हाताचा तळवा त्या उजेडात धरून फोटो काढा. तळव्याची लाली फोटोत राखट पडली, तर तो लाइट तिथेच ठेवा आणि शेजारचा लावायला सांगा.